सकीनाखालाचा आराम

सकीनाखालाला मी सोळा वर्षं ओळखत होते. त्यातली बसलेली, म्हणजे नुसती बसलेली, अशी ती मला जेमतेम काही आठवडे दिसली. तेही डॉक्टरांनी बसवली म्हणून.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीकडे उतरणाऱ्या बोळात त्यांचं गाद्यांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर. आमचं घर भिंतीला भिंत लागून. कापूस पिंजायचं मशीन होतं, ते खालाचे यजमान गफूरभाई चालवत. पिंजलेला कापूस खोळीत भरायचा, काठीने झोडून सारखा करायचा आणि हातभर लांब सुईने टाके घालायचे, हे खालाचं काम. मी घरच्या शिलाई मशीनवर खोळी शिवून द्यायची. पुढे तिने मला गादी भरायला शिकवलं. ते मला नीट कधीच आलं नाही, आणि दिवसातून एकदा तरी ती ते बोलून दाखवायची. मी कमी बोलते म्हणून तिने माझं नाव मुकी ठेवलं होतं.

"ए मुके, हे टाके हायत का बकरीच्या लेंड्या? एक इकडं, एक तिकडं!"

तिचे टाके पाटीवर आखलेल्या रेघेसारखे यायचे. गावाकडची माणसं गादी उलटी करून टाके पाहायची आणि म्हणायची, हा सकीनाबीचा हात. दुसऱ्या कुणी घातलेला एक टाका मध्ये असला तरी ओळखू यायचा.

बुटकी, काळीसावळी, साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. दिवसभर कापसात असल्यामुळे भुवया पांढऱ्या दिसायच्या. दुपारी पाहिली तर साठीची वाटायची, आणि तोंड धुतलं की चाळिशीची. गफूरभाई म्हणायचे, "मले दोन बायका हायत. एक बुढी, एक जवान. पण दोघीयलेही फुरसत नाही."

त्यांचा एक किस्सा बोळातल्या सगळ्यांना पाठ होता. निकाहच्या वेळी काझीसाहेबांनी आत विचारायला माणसं पाठवली, कबूल आहे का. आतून खाला म्हणाली, "कबूल, कबूल, कबूल. आता उठा तिकडून, त्या गादीवर बसू नका, तिचे काठ बाकी हायत." खाला म्हणायची हे खोटं आहे. गादीचे काठ नव्हते, लोड होता.

गफूरभाई उलट्या स्वभावाचे. त्यांना चहा, गप्पा, दुपारची झोप, सगळं आवडायचं. मशीन बंद केलं की ते सरळ ओट्यावर येऊन बसत. खाला जेवायलासुद्धा उकिडवी बसायची, जसं कुणी आता हाक मारणारच आहे. डाव्या हाताने भाकर आणि उजव्या हाताने दोरा ओवताना मी तिला कितीदा पाहिलं आहे. तिची मुलगी रुखसाना लहानपणी समोर बसून म्हणायची, "अम्मी, पाह्य ना माह्याकडं." खाला म्हणायची, "पाहून राहिली ना." पण नजर टाक्यावर.

कुणाकडे लग्न असो, मयत असो, तिला हात आवरत नसत. आमच्या बोळातल्या एका बाईचे सासरे वारले तेव्हा सगळ्या बाया बैठकीत भिंतीला टेकून बसलो होतो. खालाला त्या म्हाताऱ्याची माया होती, ती खरोखर रडत होती. रडता रडता तिचा हात मागच्या लोडाकडे गेला. लोडात गाठी झाल्या होत्या. तिने एक गाठ फोडली, दुसरी फोडली. डोळ्यांतून पाणी चालू, "लय चांगला मानूस होता वं" चालू, आणि हातही चालू. निघायच्या वेळी तिने लोड उभा करून दोन थापा मारल्या, तेव्हा रडणाऱ्या बायांनाही हसू आवरेना. तेव्हापासून खाला येताना दिसली की ती बाई आत ओरडायची, "अवं, खाला आली! लोड आत न्या, नाहीतं फाडते!"

शुक्रवारी दुकान बंद असायचं. शुक्रवारी ती दुकानातच सापडायची. काय करता विचारलं तर म्हणे, "आराम करून राहिली." आराम म्हणजे दोऱ्याचा गुंता सोडवणं.

एकदा गफूरभाईंनी ठरवलं की तिला दोन दिवस मेळघाटात न्यायचं, हवापालट म्हणून. रुखसानाचं लग्न होऊन ती अमरावतीला गेली होती, घर सुनं झालं होतं. जीपमध्ये जागा होती म्हणून मलाही नेलं. उन्हाळा लागला होता. सेमाडोहला सकाळी आम्ही फिरायला निघालो तर रस्त्याच्या कडेला काटेसावरीचं मोठं झाड. बोंडं फुटली होती आणि सावरीचा पांढरा कापूस वाऱ्यावर उडून झाडाखाली चादर पसरली होती.

खाला जीप थांबायच्या आधी उतरली.

पुढे रानगवा दिसला, मोर दिसले, ते आम्ही पाहिले. खालाने काही पाहिलं नाही. परत आलो तर ती त्याच झाडाखाली, पदर गच्च भरलेला, आणि समोर एक वनरक्षक उभा. दाढीवाला, भारदस्त माणूस.

"बाई, जंगलातली काडीसुद्धा बाहेर नेता येत नाही."

"काडी कुठी हाय? रुई हाय ही."

"तेच ते. खाली टाका."

"टाकतो ना. पन तुमी मान काहून अशी धरता? एकाच कडे पाहून राहिले कवाचे."

तो गडबडला. म्हणाला, वर्ष झालं मान दुखते.

"उशी दाखवा तुमची."

खरं सांगते, ती त्या माणसाच्या खोलीवर गेली, दगडासारखी झालेली उशी उसवली आणि सगळी रुई तिच्यात भरली. पिशवीत सुई-दोरा होताच. हवापालटाला जातानाही तो तिने घेतला होता. वनरक्षक दारात उभा राहून पाहत होता. खाला म्हणाली, "घ्या. रुई जंगलातच राहिली. कायदा मोडला नाही." येताना जीपमध्ये ती इतकी खुश होती की गफूरभाई म्हणाले, "आता दर साल आराम कराले येत जाऊ."

मी तिला एकदा विचारलं होतं. मी सहसा काही विचारत नाही, पण त्या दिवशी ऊन फार होतं, गिऱ्हाईक नव्हतं, आणि ती भरलेलीच गादी पुन्हा झोडत होती. मी म्हटलं, "खाला, काम नाही तं बसत काहून नाही?"

ती हसली. मग काठी चालू ठेवूनच तिने सांगितलं. लहानपणी घरात नऊ पोरं. तिची दादी संध्याकाळी भाकरीची टोपली घेऊन बसायची आणि सगळ्यांचे हात पाहायची. ज्याच्या हाताला कापूस चिकटलेला त्याला आधी भाकर. ज्याचे हात स्वच्छ तो मागे. मागच्यांना कधी पुरायची, कधी नाही.

"दादी जाऊन तीस बरसं झाली असतीन," मी म्हटलं. "आता कोन पाहते तुमचे हात?"

"कोनी नाही," ती म्हणाली. "पन बसली ना, का पोटात भूक लागल्यासारखं होते. जेवून उठली असली तरी."

आणि लगेच, "तू लय बोलाले लागली वं मुके."

ती वर्षं कापसाला वाईट होती. बोंडं किडायची, भाव पडायचे, आणि पेपरात रोज गावांची नावं यायची ती चांगल्या कारणाने नाही. पूर्वी लोक लेकीच्या लग्नासाठी पहिल्या वेच्याचा कापूस बाजूला काढून बैलगाडीने दुकानात आणत. आता जुनी गादी आणायचे आणि म्हणायचे, यातलाच कापूस पिंजून नवी करा. खाला कधी नाही म्हणाली नाही. एका गादीच्या कापसातून पोरीची गादी, जावयाची उशी आणि वर एक लोड काढायची, आणि तो लोड थापटून म्हणायची, "ह्यो फुकटचा." काम कमी झालं तसं ती प्रत्येक काम लांबवायला लागली. जिथे शंभर टाके पुरत तिथे दोनशे घालायची. मला वाटतं, तिचा हात तिथेच बिघडला.

एक दिवस मी खोळी द्यायला गेले तर पांढऱ्या कापसावर लाल ठिपके. खाला टाके घालत होती आणि सुई दर वेळी अंगठ्याला टोचत होती. तिला कळतच नव्हतं. मी ओरडले. मी ओरडले याचंच तिला जास्त नवल वाटलं.

डॉक्टरांनी सांगितलं, मनगटातली नस दबली आहे. छोटं ऑपरेशन करावं लागेल, आणि नंतर सहा आठवडे त्या हाताने काही धरायचं नाही. सुई नाही, काठी नाही. ऐकलं नाही तर अंगठ्याची पकड कायमची जाईल.

"सहा दिवस?" खालाने विचारलं.

"सहा आठवडे."

"तवरी कराचं काय?"

"आराम," डॉक्टर म्हणाले. खालाने गफूरभाईंकडे असं पाहिलं की जणू डॉक्टर इंग्रजीत बोलले.

ऑपरेशन झालं. गफूरभाईंनी सुया, काठ्या, कात्र्या सगळं पेटीत घालून कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. दुकानाला लागेल ते मीच काढून द्यायचं. कुणाला नाही म्हणायची मला सवय नाही हे सगळ्यांना माहीत होतं, पण दुसरं कोणी नव्हतं. त्याच आठवड्यात रुखसाना पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. आठवा महिना लागला होता. आणि टेम्पोतून तिच्याबरोबर एक गादी आली.

गादीवाल्याच्या लेकीने माहेरी येताना गादी आणली! बोळातल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. सासरच्यांनी नवीन घेतलेली, दुकानातली फोमची गादी, वर चकचकीत निळं कापड. रुखसानाची कंबर दुखायची आणि कुणीतरी सांगितलं होतं की फोम चांगला. बिचारीच्या मनात काही नव्हतं. पण खाला त्या गादीभोवती दोन दिवस फिरली. दाबून पाहिली, वास घेतला.

"ह्यात टाके कुठी हायत?" तिने मला हळूच विचारलं.

"नसतीन."

"टाक्यायबिगर कापूस जागेवर कसा राहून राहिला? गोया झाला असन आतमंदी. पोरीच्या पाठीत रुतत असन."

तिसऱ्या दिवशी दुपारी रुखसाना आमच्याकडे माझ्या सासूबाईंकडून डोक्याला तेल लावून घ्यायला बसली होती. खाला माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मुके, लहान कात्री दे वं. नखं वाढली."

मी दिली.

थोड्या वेळाने पिंजायचं मशीन चालू झाल्याचा आवाज आला. गफूरभाई तर ओट्यावर झोपले होते. मी धावले. खालाने डाव्या हाताने गादी उसवली होती, आत पिवळा अख्खा ठोकळा निघाला, तो पाहून ती घाबरली असणार. पण तिच्या डोक्यात एकच उपाय, पिंजायचं. तिने ठोकळ्याचे तुकडे तोडून मशीनमध्ये घातले. दुकानातून पिवळा भुगा उडून बोळभर पसरला. ओट्यावर, नाल्यात, समोरच्या बाईच्या वाळत घातलेल्या पापडांवर. गफूरभाई उठून बसले तेव्हा त्यांच्या दाढीत पिवळी फुलं होती.

"हे काय हाय?"

"मले काय मालूम!" खाला आतून ओरडली. "कापूसच नाही ह्यात! कोनी फसवलं जवाईबापूले!"

बोळ हसत सुटला. पापडवाली बाई शिव्या देत हसत होती. मीही हसले, मग माझं लक्ष खालाच्या हाताकडे गेलं. ठोकळा तोडताना तिने उजवाही हात लावला होता. पट्टी लाल झाली होती.

रुखसाना अर्धी वेणी सोडलेली, तशीच आली. तिने गादीकडे पाहिलं नाही, हाताकडे पाहिलं.

"अम्मी, दोन हप्तेही नाही?"

"अवं बेटी, तुह्याच पाठीसाठी..."

"माह्यासाठी नको करू!" ती पोट्टी कधी आवाज चढवत नसे. "माह्यासाठी तू काही करूच नको. मले तुही पाठ आठवते, अम्मी. लहानपनची तुही पाठच आठवते. तोंड आठवत नाही." मग ती गफूरभाईंना म्हणाली, "अब्बा, मले उद्या अमरावतीले पोचवा. बाळंतपन तिकडंच." आणि जाताना दारात थांबून म्हणाली, "हात बरा होईतो सुईले हात लावला नाही, असं कोनी सांगितलं तं ये. लेकरू मी त्या हातात देईन. नाहीतं येऊ नको."

ती गेली. आठव्या महिन्यातली लेक माहेरातून परत गेली. बोळातलं हसू थांबलं.

डॉक्टरांनी पुन्हा टाके घातले आणि म्हणाले, आता आजपासून सहा आठवडे मोजा.

त्यानंतर मी जे पाहिलं ते कुणी सांगितलं असतं तर मला खरं वाटलं नसतं. खाला सकाळी ओट्यावर यायची आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसायची. हात दाबून धरल्यासारखी. येणारे-जाणारे थट्टा करायचे. "काय खाला, अंडे उबवून राहिल्या का?" ती म्हणायची, "हो. सहा हप्त्यांनी पिलं निघतीन, दोन घेऊन जाय."

पण सोपं नव्हतं. पहिल्या आठवड्यात तिला घाम फुटायचा, जेवण जाईना. आत मी टाके घालत असल्याचा आवाज आला की पाय हलवायची. एकदा म्हणाली, "मुके, हे दारूवाल्यायचं जसं होते ना, तसं होऊन राहिलं मले. लोक त्याहिले नावं ठेवतात. माह्या कामाले कोनी नाव नाही ठेवलं कधी. उलट शाबासकी दिली." मी तिला चहा पाजला, कपाला फक्त डावा हात लावू दिला.

हळूहळू ती बोळ पाहायला लागली. पापडवाली बाई दुपारी एकटी बसून गाणी म्हणते हे तिला वीस वर्षांत माहीत नव्हतं. गफूरभाई ओट्यावर इतके लोकप्रिय का आहेत तेही तिला कळलं. ते नकला करायचे. तिचीच नक्कल सगळ्यात भारी. ती पाहून ती इतकी हसली की हात मांड्यांखालून निघाले, आणि आम्ही दोघं एकदम ओरडलो, "हात!"

पाचव्या आठवड्यात अमरावतीहून फोन आला. मुलगी झाली. दोघी बऱ्या.

खाला उठून उभी राहिली आणि परत बसली. दहा-बारा दिवस अजून बाकी होते. नातीला पाहायला माणसं गेली, गफूरभाई जाऊन आले, सांगत होते नाक सकीनाचं आहे. खाला गेली नाही. "पोरीनं शर्त घातली हाय," म्हणाली.

पण नानीकडून बाळाला छोटी गादी, दुपटं आणि राईची उशी द्यायची रीत आहे. दुपटं मी मशीनवर शिवलं. गादीचं काय? खाला म्हणाली, "तू कर. मी तोंडानं सांगतो."

असं वाईट काम मी आयुष्यात केलं नाही. हातभर गादी, पण मला दोन दिवस लागले. खाला समोर बसून सांगायची, "खोल घाल सुई. खोल. आता सरळ ये. सरळ म्हन्लं वं, नदीसारखं नाही!" माझे टाके नेहमीसारखे भरकटले. एका जागी तर एकावर एक तीन आले. मी म्हटलं, उसवून परत करते. तिने बराच वेळ त्या तीन टाक्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "राहू दे."

डॉक्टरांनी पट्टी काढली, कागद चिमटीत धरायला लावला. तिने धरला. कागद ओढला तर सुटला, पण एकदम नाही. पकड बारा आणे येईल म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने आम्ही दोघी निघालो. गादी तिच्या मांडीवर. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, आणि सगळ्या वाटेने तिचा डावा अंगठा त्या तीन टाक्यांवर फिरत होता. आता हात मोकळा होता. पिशवीत मी सुई ठेवली नव्हती, पण नखांनीही उसवता येतं हे आम्हा दोघींना माहीत होतं. मी खिडकीबाहेर बघते असं दाखवत होते आणि बघत होते तिचा अंगठा.

रुखसाना पलंगावर बसली होती, बाळ मांडीवर. तिच्या सासूबाईंनी आम्हाला पाणी दिलं. खालाने गादी पुढे केली. रुखसानाने ती घेतली आणि सवयीने उलटी केली. गादीवाल्याचीच लेक ती. तिने रेघ पाहिली, मग ते तीन टाके पाहिले. त्यांच्यावर बोट ठेवलं.

"हे कोनी केलं?"

खालाने माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला दोन बायांच्या मध्ये बोलावं लागलं. "मी," मी म्हटलं. "सगळं मीच. तिनं हात लावला नाही, माय शपथ."

"ते दिसूनच राहिलं," रुखसाना म्हणाली, आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अम्मी, असल्या टाक्यायची गादी तू माह्या सासरी घेऊन आली? तुले लाज नाही वाटली?"

"लय वाटली," खाला म्हणाली. "बडनेऱ्यापासून तं मरून राहिली मी."

सासूबाईसुद्धा हसल्या. रुखसाना सरकली, म्हणाली, बस इथं. नीट बस, मांडी घालून. खाला बसली, आणि रुखसानाने बाळ तिच्या हातावर ठेवलं.

पुढेही खाला दुकानात बसायची, पण अर्धा दिवस. पकड पूर्ण आली नाही, मोठ्या गाद्यांचे टाके शेवटपर्यंत मला घालावे लागले, आणि शिव्याही शेवटपर्यंत खाव्या लागल्या. फोमच्या गाद्या वाढल्या, दुकान कमी झालं, नंतर ती दोघं अमरावतीलाच राहायला गेली. खाला वारली त्यालाही आता काही वर्षं झाली. त्या सगळ्या वर्षांतली ती मला दिसते, पण सगळ्यात नीट दिसते ती त्या दिवसाची.

बाळ तिच्या उजव्या हातावर डोकं ठेवून झोपलं. माझी परतीची गाडी दुपारची होती. दीड तास झाला, खाला हलली नव्हती. पाठ भिंतीला टेकलेली, पाय मुंग्यांनी बधिर झालेले. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "खाला, मी निघते. लेकरू घेऊ का मी? हात दुखन."

तिने मान हलवली नाही, फक्त डोळे माझ्याकडे वळवले.

"जाय तू," ती कुजबुजली. "हे लय नाजूक काम हाय मुके. बिलकुल हलाचं नाही. तुले नाही जमनार."

मी चपला घातल्या आणि दारातून वळून पाहिलं. तिच्या नाकावर माशी बसली होती. तिने खालचा ओठ पुढे काढून फू केलं. माशी उठली, फिरून परत बसली. तिने परत फू केलं.